जंतांसाठी रक्ताची अँटीबॉडी टेस्ट : कोणती, कधी आणि कितपत भरवशाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भात पोटरीला आलं की आमच्या लॅबमध्ये एका ठरावीक तक्रारीची माणसं वाढतात. अंगाला खाज, रात्रीचा कोरडा खोकला, पोटात अधूनमधून कळ, आणि साध्या रक्ततपासणीत इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले. लावणीचे दोन महिने चिखलात अनवाणी गेलेले असतात. त्यातल्या काहींच्या हातात मुंबईहून नाहीतर गोव्याहून आलेला कागद असतो, किंवा चाकरमानी मुलाने मोबाइलवर पाठवलेला रिपोर्ट असतो : 'स्ट्राँगिलॉइडिस आयजीजी पॉझिटिव्ह', 'फायलेरिया अँटीबॉडी पॉझिटिव्ह'. स्ट्राँगिलॉइडिस हा मातीतून कातडीवाटे शिरून आतड्यात राहणारा बारीक गोलकृमी, फायलेरिया म्हणजे हत्तीरोगाचा जंत, आणि आयजीजी हा अँटीबॉडीचा एक प्रकार. पुढे काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मी दक्षिण कोकणात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. खालचे प्रश्न काउंटरवर, फोनवर आणि आसपासच्या डॉक्टरांकडून मला पुन्हापुन्हा विचारले गेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण या विषयात एका शब्दाच्या उत्तराने नुकसान झालेलं मी पाहिलं आहे.

जंत आहेत की नाहीत ते रक्तावरूनच बघा ना. शी तपासायची कटकट कशाला?

कुठला जंत शोधायचा आहे, यावर ते ठरतं. पोटातला मोठा गोलकृमी, अंकुशकृमी आणि चाबूककृमी यांच्यासाठी शौचाची तपासणीच खरी. मोठ्या गोलकृमीची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. एवढा उघड पुरावा बाहेर पडत असताना रक्तात त्याच्या खुणा शोधण्यात अर्थ नाही. शिवाय लहानपणी अंगणात, आगरात, शेतात वाढलेल्या माणसाची या जंतांशी कधी ना कधी गाठ पडलेलीच असते, त्यामुळे रक्तात अँटीबॉडी सापडली तरी आज पोटात जंत आहे की नाही हे कळत नाही.

रक्ताची टेस्ट कामाला येते ती ज्यांचा पुरावा बाहेर पडतच नाही किंवा फार थोडा पडतो त्यांच्यासाठी. कुत्र्या-मांजरांचा टॉक्सोकारा माणसाच्या शरीरात अळी म्हणूनच भटकतो, त्याची वाढ पूर्ण होत नाही, म्हणून त्याची अंडी माणसाच्या शौचात कधीच येत नाहीत. कच्च्या मटणातून येणाऱ्या ट्रायकिनेलाच्या अळ्या स्नायूंत जाऊन बसतात. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या शौचात येतात, पण इतक्या तुरळक की एका नमुन्यात निम्म्याहून जास्त रुग्ण सहज सुटून जातात.

शौचाचा नमुना देणार असाल तर तो सकाळचा, ताजा, शक्यतो दोन तासांत पोहोचवा, आणि वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा द्या. आपल्या दमट हवेत रात्रभर ठेवलेल्या नमुन्यात अंकुशकृमीची अंडी फुटून अळ्या बाहेर येतात. त्या अळ्या स्ट्राँगिलॉइडिससारख्याच दिसतात. फरक तोंडाच्या पोकळीत : अंकुशकृमीच्या अळीची लांब, स्ट्राँगिलॉइडिसची आखूड. घाईत हा फरक नजरेतून सुटतो आणि निदानच बदलून जातं.

अँटीबॉडी टेस्ट नेमकं काय मोजते?

सकाळी अंगणातल्या चिखलात बिबट्याची पावलं दिसली, तर तो येऊन गेला हे नक्की. तो आत्ता गोठ्यामागे बसलाय की चार डोंगर पलीकडे गेलाय, हे पावलं सांगत नाहीत. अँटीबॉडी म्हणजे जंताने शरीरात उमटवलेलं पाऊल. जंत शिरला, शरीराने त्याला ओळखलं आणि त्याच्याविरुद्ध प्रथिनं तयार केली. जंत मेल्यावरही ती प्रथिनं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात.

लॅबमध्ये सर्वांत जास्त वापरतात ती पद्धत एलायझा. १९७१ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि तिचा गाभा आजही तोच आहे. ९६ खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या थाळीत जंताची प्रथिनं तळाला चिकटवलेली असतात. त्यावर तुमचं पातळ केलेलं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव) घालतात. तुमच्याकडे त्या जंताची अँटीबॉडी असेल तर ती तळाच्या प्रथिनांना धरून बसते, बाकी सगळं धुऊन टाकतात. मग माणसाच्या अँटीबॉडीला चिकटणारं, एन्झाइम जोडलेलं दुसरं द्रव्य घालतात आणि शेवटी रंग आणणारं रसायन. रंग जितका गडद तितकी अँटीबॉडी जास्त. यंत्र तो रंग आकड्यात मोजतं आणि कंपनीने ठरवलेल्या कट-ऑफच्या वर गेला की 'पॉझिटिव्ह' छापून येतं.

म्हणून रिपोर्टवर नुसतं 'पॉझिटिव्ह' असेल तर आकडा मागून घ्या. कट-ऑफच्या जेमतेम वर आलेला आणि पाचपट वर आलेला, दोघांना तोच शब्द लावतात. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी माणसं आहेत.

रिपोर्टवर कधी 'अँटीजेन' असतं, कधी 'अँटीबॉडी'. दोन्ही एकच ना?

नाही, आणि फायलेरियाच्या बाबतीत तर हा फरक फार मोलाचा आहे. अँटीबॉडी तुमच्या शरीराने बनवलेली. अँटीजेन हा खुद्द जंताचा अंश. पावलाऐवजी गोठ्यामागून गुरगुर ऐकू यावी, तसं.

हत्तीरोगाच्या वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या जंतासाठी सरकारी कार्यक्रमात वापरतात ती फायलेरिया टेस्ट स्ट्रिप अँटीजेन शोधते. बोटातून ७५ मायक्रोलिटर रक्त घेतात आणि बरोबर दहाव्या मिनिटाला पट्टी वाचतात. उशिरा वाचली तर खोटी रेष उमटू शकते, म्हणून घड्याळ लावूनच बसायचं असतं. ही टेस्ट दिवसा करता येते, कारण मोठे जंत हे अँटीजेन दिवसरात्र सोडत असतात. सूक्ष्म अळ्या मात्र रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून काचपट्टीवरच्या तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर येऊन रक्त घेतात. रात्री दार वाजवणाऱ्या त्या माणसांवर वैतागू नका. अळ्यांचंच वेळापत्रक ते पाळत असतात.

एकाच जंतासाठी इतक्या प्रकारच्या टेस्ट का? त्यांच्यात फरक काय?

मुख्य फरक एकच : थाळीच्या तळाला काय चिकटवलंय?

जुन्या पद्धतीत अख्खी अळी कुटून तिचा अर्क वापरतात. स्ट्राँगिलॉइडिससाठी काही किट माणसातल्या जंताचा अर्क वापरतात, काही उंदरातल्या त्याच्या भाऊबंदाचा, कारण तो प्रयोगशाळेत वाढवणं सोपं जातं. अर्कात शेकडो प्रथिनं आणि शर्करा असतात. त्यामुळे असलेला रोग सहसा निसटत नाही, पण त्यातले कितीतरी घटक सगळ्या गोलकृमींमध्ये सारखेच असतात. फॉस्फोरिलकोलीन नावाचा एक अंश तर बहुतेकांच्या अंगावर असतो. मग फायलेरियाने बनवलेली अँटीबॉडी स्ट्राँगिलॉइडिसच्या थाळीलाही जाऊन चिकटते. चिखलातल्या पावलावर बोटं दिसली म्हणून बिबट्या म्हणावं आणि ते शेजारच्या मोठ्या कुत्र्याचं निघावं, असं होतं. जाणता वनरक्षक नखांच्या खुणा बघतो : कुत्र्याची नखं मातीत उमटतात, बिबट्या चालताना ती आत घेतो.

नखं बघण्याचं काम लॅबमध्ये रिकॉम्बिनंट प्रथिनं करतात. जंताचं एकच, त्याचं स्वतःचं असं प्रथिन जीवाणूंकडून बनवून घेतात आणि तेवढंच थाळीत लावतात. स्ट्राँगिलॉइडिससाठी असं एनआयई नावाचं प्रथिन आहे. त्यावर आधारलेल्या टेस्टमध्ये दुसऱ्या जंतांशी गल्लत कमी होते, पण ज्यांच्या शरीराने नेमकी त्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी बनवली नाही ते निसटतात.

तिसरा प्रकार इम्युनोफ्लोरोसन्सचा. इथे अख्खी अळीच काचेवर ठेवतात, सीरम घालतात आणि चमकणारा रंग लावून खास सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पकड चांगली, पण अळ्यांचा साठा लागतो आणि वाचणाऱ्याच्या नजरेवर बरंच अवलंबून असतं. चौथी ल्युसिफरेजवर चालणारी लिप्स ही पद्धत : प्रथिनाला प्रकाश देणारं एन्झाइम जोडतात आणि रंगाऐवजी प्रकाश मोजतात. ती देखणी आणि झटपट आहे, पण मुख्यतः संशोधनाच्या लॅबपुरतीच राहिली आहे.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये जंताची प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पट्टीवर पसरवतात आणि तुमची अँटीबॉडी नेमकी कुठल्या पट्ट्याला धरते ते बघतात. ती महाग आणि वेळखाऊ आहे, पहिली टेस्ट म्हणून करत नाहीत. एलायझा पॉझिटिव्ह आल्यावर खात्री करायला मात्र तिच्यासारखी दुसरी नाही.

२०१४ मध्ये इटलीतल्या संशोधकांच्या पुढाकाराने स्ट्राँगिलॉइडिसच्या पाच अँटीबॉडी टेस्ट एकाच सीरमच्या साठ्यावर शेजारीशेजारी करून पाहिल्या गेल्या. असलेला रोग पकडण्याची त्यांची ताकद सुमारे ७५ ते ९४ टक्के निघाली. रोग नसलेल्याला 'नाही' म्हणण्याची अचूकता सुमारे ९२ पासून ९९ टक्क्यांच्या पुढे. पकडण्यात इम्युनोफ्लोरोसन्स पहिली, गल्लत न करण्यात एनआयई प्रथिनावरची लिप्स पहिली. दोन्ही गुण एकाच टेस्टमध्ये पुरेपूर मिळाले नाहीत. हा अभ्यास मी इतक्यांदा सांगते, कारण 'सर्वांत भारी टेस्ट कोणती?' या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरीकडे सहसा मिळत नाही.

मग माझ्यासाठी कोणती?

प्रश्न काय आहे ते आधी ठरवा. स्टेरॉइड सुरू करण्याआधी स्ट्राँगिलॉइडिस नाही ना, याची खात्री हवी असेल तर जास्त पकडणारी टेस्ट घ्या. थोडे खोटे पॉझिटिव्ह आले तरी चालतील, कारण न पकडलेल्या रोगाची किंमत जिवाची आहे. उलट एखाद्यावर 'टॉक्सोकाराने डोळा गेला' असा शिक्का मारायचा असेल तर गल्लत न करणारी, वेस्टर्न ब्लॉटने पक्की केलेली टेस्ट हवी.

किटवर '९७ टक्के अचूक' लिहिलंय. म्हणजे माझा पॉझिटिव्ह रिपोर्ट ९७ टक्के खरा?

नाही. हा गैरसमज डॉक्टरांमध्येही आहे, म्हणून गणित मांडते.

धरा की एक टेस्ट १०० पैकी ९० रोगी पकडते आणि १०० निरोग्यांपैकी ९७ जणांना बरोबर 'नाही' म्हणते. आता अशा एक हजार माणसांना ती केली, जिथे फक्त २० जणांना खरोखर रोग आहे. २० पैकी १८ पकडले जातील. उरलेल्या ९८० निरोग्यांपैकी तीन टक्के, म्हणजे सुमारे २९ जण, उगाच पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह ४७, त्यात खरे १८. चाळीस टक्केसुद्धा नाहीत.

तीच टेस्ट हजारात २०० जणांना रोग असलेल्या वस्तीत करा. १८० खरे, २४ खोटे. आता पॉझिटिव्ह आलेल्यांतले ८८ टक्के खरे. टेस्ट तीच, थाळी तीच, फक्त माणसं बदलली.

म्हणूनच मी फॉर्मवर विचारते की शेतात अनवाणी काम करता का, इओसिनोफिल किती आहेत, मांडीवर किंवा कंबरेवर सरपटत पुढे जाणारी खाजरी रेष कधी उठते का. ती रेष तासाभरात काही सेंटिमीटर सरकते आणि स्ट्राँगिलॉइडिसच्या अळीशिवाय तसं सहसा काही करत नाही. अशा माणसाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट मी गंभीरपणे घेते. बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या, कधी मातीत पाय न घातलेल्या माणसाने फुल बॉडी चेकअपमध्ये ही टेस्ट करून घेतली आणि ती जेमतेम पॉझिटिव्ह आली, तर मी आधी दुसऱ्या पद्धतीने खात्री करायला सांगते.

'फायलेरिया अँटीबॉडी पॉझिटिव्ह' आलंय. मला हत्तीपाय होणार का?

घाबरू नका. या एका ओळीवरून तसं काहीच म्हणता येत नाही. महाराष्ट्रातल्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्गाचं नाव राहिलेलं आहे. इथे वाढलेल्या माणसाला फायलेरियाच्या अळ्या घेऊन फिरणारे क्युलेक्स डास चावलेले असू शकतात. शरीराने त्याची नोंद घेतली, जंत स्थिरावलाच नाही, तरी अँटीबॉडी येते. दुसऱ्या गोलकृमींमुळेही येते.

पुढची पायरी म्हणजे अँटीजेनची पट्टी किंवा रात्रीचं रक्त. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. हत्तीरोगाच्या कार्यक्रमात या तपासण्या आणि गोळ्या मोफत असतात. अँटीबॉडीतल्या अँटीबॉडीतही फरक आहे. जुनाट जंतबाधेत आयजीजी-४ हा उपप्रकार वाढतो. त्यावर बेतलेल्या टेस्टमध्ये गल्लत कमी होते आणि उपचारानंतर तो जरा लवकर उतरतो. रिपोर्टवर नुसतं 'आयजीजी' आहे की 'आयजीजी-४', ते पाहून घ्या.

फायलेरियाची अँटीबॉडी खरोखर निर्णायक ठरते अशी एक जागा मात्र आहे, आणि ती कोकणात वारंवार चुकते. रात्री वाढणारा कोरडा खोकला, छातीत घरघर, इओसिनोफिल एका मायक्रोलिटरमध्ये ३००० च्या वर, आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारी अँटीबॉडी) भरमसाट. याला ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया म्हणतात. शरीर फायलेरियाच्या अळ्यांवर इतकं तुटून पडतं की त्या रक्तात उरतच नाहीत. रात्रीचं रक्त स्वच्छ येतं आणि अँटीबॉडी मात्र आकाशाला भिडलेली असते. डीईसी या औषधाने खोकला बहुतेकदा झपाट्याने उतरतो. पण निदान न झालेला असा रुग्ण दम्याचा समजला जातो, वर्षभर पंप ओढतो आणि शेवटी त्याला स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होतात. तिथून पुढचा प्रश्न सुरू होतो.

डॉक्टर स्टेरॉइड सुरू करणार आहेत. आधी जंतांची टेस्ट करायला हवी का?

हो. या पानावरचं दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, हे वाचा.

इतर पोटातले जंत काही महिने किंवा काही वर्षं जगून मरतात. स्ट्राँगिलॉइडिसची गोष्ट वेगळी. त्याच्या अळ्या आतड्यातच पुढच्या अवस्थेला पोहोचतात, आतड्याची भिंत किंवा गुदाजवळची कातडी भेदून पुन्हा त्याच माणसात शिरतात. बाहेरून नवी लागण न होता हे चक्र दशकानुदशकं चालू राहतं. तरुणपणी शेतात अनवाणी राबलेला माणूस चाळीस वर्षं मुंबईत नोकरी करून निवृत्त होऊन गावी परततो, तरी तोच जंत त्याच्या आतड्यात असू शकतो. त्रास? कधी खाज, कधी पोटात जळजळ, बहुतेकदा काहीच नाही.

या माणसाला संधिवातासाठी, दम्यासाठी, किडनीच्या आजारासाठी किंवा कोविडसाठी स्टेरॉइड मिळालं की शरीराचा पहारा उठतो. अळ्यांची संख्या बेसुमार वाढते, त्या फुप्फुसात, मेंदूत पोहोचतात आणि जाताना आतड्यातले जीवाणू अंगावर घेऊन जातात. रक्तात जंतुसंसर्ग पसरतो. हा हायपरइन्फेक्शनचा प्रकार उपचार करूनही अनेकांचा जीव घेतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका आजोबांच्या थुंकीचा नमुना आला होता. दम्यासाठी बरेच दिवस स्टेरॉइड चालू होतं. टीबीसाठी तपासायला सांगितलं होतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली अळ्या वळवळत होत्या. इओसिनोफिल त्या दिवशी शून्याजवळ होते, कारण स्टेरॉइड त्यांना दाबतं. त्याआधीच्या वर्षीच्या रिपोर्टवर मात्र ते वाढलेले होते आणि कुणी मागे वळून पाहिलं नव्हतं. ती जुनी फाइल त्यांच्या सुनेने पिशवीत आणली होती. मी ती वाचली तेव्हा ते बांबोळीच्या, म्हणजे गोव्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, वाटेवर होते.

तेव्हा शेतात राबलेल्या प्रत्येक माणसाने स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणाआधी दोन गोष्टी करून घ्याव्यात : स्ट्राँगिलॉइडिसची अँटीबॉडी आणि शौचाचे किमान तीन नमुने. उपचार तातडीचा असेल तर टेस्टच्या निकालासाठी थांबू नये. अशा वेळी रिपोर्ट येण्याआधीच आयव्हरमेक्टिन द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतात. त्याचा नेहमीचा डोस किलोमागे २०० मायक्रोग्रॅम असतो. किती वेळा, कुणाला आणि कधी, हे वजन आणि प्रकृती बघून त्यांनीच सांगायचं. दुकानातून आणून घेऊ नका.

निगेटिव्ह आलं. म्हणजे नाहीच ना?

बहुतेकदा हो, पण तीन अपवाद आहेत. लागण ताजी असेल तर अँटीबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात. संशय कायम असेल तर महिन्याभराने पुन्हा तपासा. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात अँटीबॉडी बनतच नाही किंवा कमी बनते, आणि नेमकं त्यांनाच सर्वांत जास्त धोका असतो, म्हणून तिथे निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नये, अळ्या शोधाव्यात. तिसरं म्हणजे त्या टेस्टचीच मर्यादा. ७५ टक्के पकडणारी टेस्ट दर चौघांपैकी एकाला सोडून देते.

वाडीत कुत्री खूप आहेत आणि मुलाच्या रक्तात टॉक्सोकारा पॉझिटिव्ह आलंय. काय समजायचं?

कुत्रीच्या पोटातल्या पिल्लांना हा जंत जन्माआधीच आईकडून मिळतो, म्हणून लहान पिल्लांच्या विष्ठेत अंडी सर्वांत जास्त. पण ताजी विष्ठा लगेच धोकादायक नसते. अंडी मातीत पडून संसर्गक्षम व्हायला दोन ते चार आठवडे लागतात आणि ओलसर सावलीत ती महिनोन्‌महिने टिकतात. माती खाणारं किंवा मातीचे हात तोंडात घालणारं मूल ती गिळतं. घरातल्या पिल्लाला हाकलू नका, गुरांच्या डॉक्टरांकडून त्याला वेळेवर जंताचं औषध द्या.

इथली टेस्ट अळीने सोडलेल्या स्रावातल्या प्रथिनांवर चालते. अळ्या काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून त्यांचा स्राव गोळा करतात. अख्ख्या जंताच्या अर्कापेक्षा हे कितीतरी नेमकं असतं. तरीही पोटातल्या साध्या गोलकृमीशी गल्लत होते आणि आपल्या मुलांमध्ये तो जंत दुर्मीळ नाही. म्हणून पॉझिटिव्ह एलायझा वेस्टर्न ब्लॉटने पक्की करतात. २४ ते ३५ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) मधले खालचे पट्टे दिसले तर टॉक्सोकारा, फक्त वरचे जड पट्टे दिसले तर दुसऱ्या जंताची शक्यता.

मूल खेळतंय, जेवतंय, इओसिनोफिल ठीक आहेत आणि फक्त अँटीबॉडी आहे, तर बहुधा तो जुना ठसा आहे. ताप, यकृत वाढलेलं, इओसिनोफिल चढलेले असतील तर उपचार लागतात. एका डोळ्याने कमी दिसणं, डोळा तिरळा होणं किंवा बुबुळात पांढरं दिसणं यांपैकी काही असेल तर थांबू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. डोळ्यात बहुधा एकच अळी असते, रक्तातली अँटीबॉडी तेव्हा कमी किंवा निगेटिव्हही असू शकते. अशा वेळी डोळ्यातल्या द्रवाची तपासणी जास्त सांगून जाते.

मासे साफ करताना पोटात पांढऱ्या गुंडाळलेल्या अळ्या दिसतात. त्याची रक्ताची टेस्ट असते का?

त्या बहुधा अ‍ॅनिसाकिस किंवा त्याच्या जवळच्या जातीच्या असतात. आपल्याकडे मासा आमटीत शिजतो किंवा तव्यावर खरपूस भाजतो, त्यामुळे जिवंत अळी पोटात जाण्याचा प्रश्न फारसा येत नाही. मासा आतपर्यंत ६० अंश सेल्सिअसला शिजला की ती मरते.

टेस्ट आहे, पण ती अ‍ॅलर्जीसाठीची, अ‍ॅनिसाकिसविरुद्धच्या आयजीईची. मासा खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात आणि माशाची अ‍ॅलर्जी टेस्ट निगेटिव्ह येते, अशांसाठी ती विचारात घेतात. गल्लत इथे सर्वांत जास्त. अळीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कोळंबी, झुरळ आणि धुळीतल्या किड्यांमधल्या त्याच प्रथिनासारखं असतं. कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेला माणूस कधीही अळी न खाता पॉझिटिव्ह येऊ शकतो. फक्त अळीचेच म्हणावेत असे घटक तपासणाऱ्या टेस्ट निघाल्या आहेत. नुसत्या एका पॉझिटिव्ह कागदावरून मासे सोडू नका. किनाऱ्यावरच्या घरात मासे सोडणं म्हणजे रोजचं पोषण सोडणं.

रानडुकराचं मटण खाल्ल्यावर अंगदुखी आणि ताप आहे. टेस्ट करू?

मटण कच्चं राहिलं असेल, डोळ्यांभोवती सूज आणि इओसिनोफिल वाढलेले असतील तर ट्रायकिनेलाचा विचार करावा. उत्तराखंडात अशा मटणातून झालेले उद्रेक नोंदले गेले आहेत. अँटीबॉडी दोन ते पाच आठवड्यांनी येते, म्हणून पहिल्या आठवड्यातल्या निगेटिव्हला किंमत नाही. पण पावसाळ्यातला ताप आणि अंगदुखी असेल तर आधी लेप्टो, डेंग्यू आणि मलेरिया तपासा. कोकणात लेप्टोने माणसं दगावतात आणि तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.

शाळेत जंताची गोळी दिली. आता टेस्टची गरज आहे?

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी मुलांना जरूर द्या. पोटातल्या नेहमीच्या जंतांसाठी ती उत्तम आहे, त्यासाठी वेगळ्या टेस्टची गरज नाही. स्ट्राँगिलॉइडिस मात्र एका गोळीने सहसा जात नाही.

रक्त द्यायला उपाशी यावं लागतं का? रिपोर्ट किती दिवसांत?

उपाशी यायची गरज नाही. लाल किंवा पिवळ्या टोपीच्या नळीत थोडं रक्त घेतात, त्याचं सीरम वेगळं करून थंड ठेवतात. बहुतेक ठिकाणी नमुना मोठ्या शहरात जातो आणि किट भरेपर्यंत नमुने साठवतात, त्यामुळे आठवडाही लागू शकतो. पावसात घाट बंद असला तर आणखी. सहा-आठ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर सांगा, कारण आईची आयजीजी वारेतून बाळात आलेली असते आणि बाळाला काही नसताना टेस्ट पॉझिटिव्ह येते. नुकतंच रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवलं असेल तेही सांगा.

औषध घेतलं. टेस्ट निगेटिव्ह कधी होईल?

पंधरा दिवसांनी पुन्हा टेस्ट करून 'अजून पॉझिटिव्हच आहे' म्हणून रडवेली झालेली माणसं येतात. एवढ्यात ती उतरणारच नाही. स्ट्राँगिलॉइडिसमध्ये अँटीबॉडी सहा ते बारा महिन्यांत हळूहळू खाली येते. काहींची पूर्ण निगेटिव्ह होते, काहींची कमी होऊन रेंगाळते. नंतरच्या आकड्याला आधीच्या आकड्याने भागल्यावर उत्तर ०.६ पेक्षा कमी आलं तर औषध लागू पडलं, असं बरेच तज्ज्ञ मानतात. टॉक्सोकारात मात्र अँटीबॉडी वर्षानुवर्षं राहते, तिथे लक्षणं आणि इओसिनोफिल यांवरच भिस्त ठेवावी लागते.

हा भागाकार जमायचा तर दोन्ही आकडे एकाच लॅबमधले आणि एकाच किटचे हवेत. लॅबला सांगून औषधाआधीचं थोडं सीरम गोठवून ठेवायला लावा आणि वर्षाने दोन्ही नमुने एकाच थाळीत शेजारीशेजारी लावून घ्या. आम्ही त्यासाठी नळीवर रुग्णाच्या नावासोबत औषधाची तारीख लिहितो. तुमच्या लॅबनेही लिहावी म्हणून आग्रह धरा आणि पहिला रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवा.